खाटेवरची ड्रायव्हिंग शाळा

शिलाईवाल्या ताईंचा पाय मोडला तो रस्ता ओलांडताना. सिग्नलचा दिवा त्यांच्या बाजूने होता, दोन्हीकडे बघूनच त्या निघाल्या होत्या, आणि तरीही कोपऱ्यावरून वळलेल्या एका टेम्पोने त्यांना उडवलं. नीट शुद्धीवर आल्या तेव्हा डाव्या पायात सळी बसवून झाली होती आणि उशाशी बसलेल्या लेकीचे डोळे रडून रडून सुजले होते.

"आई, आता तू एकटीने घराबाहेर पडायचंच नाही," लेकीचं पहिलं वाक्य हेच.

ताईंनी मान हलवली. त्यांनाही तेच हवं होतं. डोळे मिटले की तो टेम्पो पुन्हा वळायचा आणि त्या दचकून खाटेची कड घट्ट धरायच्या.

ताईंचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोली. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, अंगाने सुटलेल्यांचे कोट उसवून सैल करायचे. लेक तान्ही असताना नवरा गेला, तेव्हापासून त्या एका मशीनवर दोघींचं चाललं होतं. बोलणं बेताचंच. दिवसभर तोंडात टाचण्या धरून बोलायची सवयच राहिली नाही, असं त्या स्वतःच म्हणायच्या.

शेजारच्या खाटेवर काकू आल्या, त्या मात्र स्ट्रेचरवरूनच बोलत आल्या.

"अहो, सगळा जन्म रस्त्यावर काढला, गाडीला साधा ओरखडा नाही! ड्रायव्हिंग शाळा आहे माझी. अख्ख्या गावाला गाडी शिकवली. आणि कंबर मोडली कुठे? स्वयंपाकघरात. स्टुलावरून पडले, बल्ब बदलताना. तोही बल्ब चांगलाच होता हो, होल्डर सैल होता!"

वॉर्डातल्या बायका दुखणं विसरून हसल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी त्यांना काकू करून टाकलं. पांढरे आखूड केस, खणखणीत आवाज आणि पडल्या पडल्या चौफेर फिरणारी नजर. ताईंनी मनात म्हटलं, झालं, आता काही झोप मिळत नाही.

काकूंची एक खोड होती. समोरच्या माणसाचं एखादं चांगलं दिसलं की त्या ते तोंडावर सांगून टाकत. लादी पुसणाऱ्या मावशींना म्हणाल्या, "मावशी, तुम्ही फडकं पिळता ना, ते बघत राहावंसं वाटतं. एक थेंब मागे राहात नाही." इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरला म्हणाल्या, "टोचलंत कधी? मी तर अजून वाटच बघत होते." समोरच्या खाटेवरच्या आजी दिवसभर कण्हायच्या, सगळ्यांना त्यांचा वैताग आला होता. त्यांना काकू म्हणाल्या, "आजी, आवाज काय दमदार आहे हो तुमचा! या वयात एवढी छाती कुणाची असते?" आजी चकित होऊन गप्प बसल्या, आणि मग कण्हायच्या ऐवजी बोलायला लागल्या.

ताईंना आधी वाटलं, हा सगळा मस्का आहे. पण त्या बघत राहिल्या आणि एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. काकू खोटं कधीच बोलत नव्हत्या. सकाळी फेरीला येणारे तरुण डॉक्टर नुसते कागद बघून पुढे जायचे, त्यांना काकू काहीच म्हणाल्या नाहीत. एक दिवस डॉक्टरांनीच विचारलं, "का हो काकू, सगळ्यांचं कौतुक चालतं तुमचं, माझं काय?"

"तुम्ही अजून माझ्याकडे बघितलंच नाहीत, डॉक्टर. बघितलंत की सांगते."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्टूल ओढून बसले. उठले तेव्हा काकू म्हणाल्या, "मन लावून ऐकता तुम्ही. हे लपवून का ठेवलं होतंत?" डॉक्टर लाजून कानापर्यंत लाल झाले.

ताईंची जखम चिघळली आणि मुक्काम लांबला. व्यायाम शिकवणारी बाई रोज यायची आणि म्हणायची, पाऊल पुढे दाबा, मागे घ्या. ताई दोनदा दाबायच्या आणि भिंतीकडे तोंड करायच्या. दुखायचं तर होतंच, पण चालायचं कुठे, हाही प्रश्न होता. घरात फिरण्यापुरता पाय बरा झाला तरी बस्स होतं.

एक दिवस काकूंना राहवलं नाही. "ओ बाई, त्यांना पाऊल दाबायला सांगू नका. क्लच दाबायला सांगा."

"काय?"

"डावा पाय ना? डावा पाय क्लचचा. ए शेजारणी, इकडे बघ. तुला गाडी येते?"

ताईंनी मानेनेच नाही म्हटलं.

"मग शिकून घे. दोघींनाही दुसरा काय उद्योग आहे?"

आणि खरोखरच शाळा भरली. जेवणाचं रिकामं ताट हे स्टिअरिंग. मांडीशेजारी उभी केलेली पाण्याची बाटली हा गिअर. पायाशी दुमडून ठेवलेल्या उशीवर डाव्या बाजूला क्लच, उजवीकडे ब्रेक आणि त्याच्या पलीकडे ॲक्सिलरेटर. काकू आपल्या खाटेवर उताण्या पडून छताकडे बघत हुकूम सोडायच्या. "क्लच दाब. पहिला गिअर. आता हळू सोड... अगं हळू! गचका बसला, माझी कंबर हलली!" समोरच्या आजींनी हॉर्नचं काम आपल्याकडे घेतलं आणि मन लावून केलं.

पहिल्या दिवशी ताईंनी लाजत लाजत ताट धरलं. तिसऱ्या दिवशी काकूंनी विचारलं, "मशीनची मोटर तू पायानेच चालवतेस ना? कॉलरच्या टोकाशी येतेस, एकेक टाका घालायचा असतो, तेव्हा पाय कसा ठेवतेस?"

ताईंनी विचार केला. हे कधी कुणी विचारलं नव्हतं. "दाबायचा नाही. नुसता टेकवायचा. मशीनला कळेल इतपतच."

काकूंनी टाळी वाजवली. "हाफ क्लच! अगं, हाफ क्लच येतो की तुला! लोकांना हे शिकवता शिकवता माझा घसा बसतो. तुझे पाय आधीच ड्रायव्हर आहेत, तुलाच तेवढं कुणी सांगितलं नव्हतं."

त्या दुपारी ताईंनी व्यायामाच्या बाईंनी सांगितला होता त्याच्या दुप्पट वेळा क्लच दाबला. दुखत होतं, पण चढ होता आणि गाडी मागे जाऊ द्यायची नव्हती. तेवढ्यात लेक डबा घेऊन आली. दोन्ही हातांत ताट धरून अंग डावीकडे कलंडवलेली आई बघून ती दारातच थबकली.

"आई! काय चाललंय हे?"

"थांब जरा," ताई म्हणाल्या, "वळण घेतेय."

आजींनी जोरात हॉर्न दिला. सगळा वॉर्ड हसला, लेकही हसली, आणि अपघातानंतर पहिल्यांदाच ताई पोट धरून हसल्या. पण डबा उघडताना लेक हळूच म्हणाली, "इथे ठीक आहे गं. घरी गेल्यावर मात्र रस्त्याचं नाव काढू नकोस."

काकूंना आधी घरी सोडलं. व्हीलचेअर दाराशी आली, तेव्हा त्यांनी ती ताईंच्या खाटेकडे वळवायला लावली.

"तुझं एक सांगायचं राहिलंय. आजींच्या गाऊनचं बटण तुटलं होतं. त्या झोपल्या होत्या तेव्हा तू कुणाकडून तरी सुईदोरा मागवलास, आजींची खाट जवळ सरकवायला लावलीस आणि पडल्या पडल्या ते लावून दिलंस. त्यांना अजून माहीत नाही. दुसऱ्याचं काय निसटलंय ते तुझ्या नजरेला आधी दिसतं. रस्त्यावर अशीच नजर लागते. हातपाय मी कुणालाही शिकवते, पण ही नजर शिकवता येत नाही बघ."

ताईंना म्हणायचं पुष्कळ होतं. पण तोंडातून एवढंच निघालं, "सांभाळून जा."

काकू गेल्यावर वॉर्ड एकदम मोठा वाटायला लागला. ताई दिवसभर स्वतःवरच चिडल्या. सांभाळून जा! एवढंच? कुठल्याही गिऱ्हाइकाला म्हणतो तसं?

पुढे ताई लेकीकडे राहायला गेल्या. लेकीने काही कमी केलं नाही. जेवण हातात, चहा हातात, औषध वेळेवर. काठी टेकत टेकत चालता यायला लागलं तेव्हा ताई एका सकाळी एकट्याच कोपऱ्यापर्यंत गेल्या. पलीकडे फक्त एक किराणा दुकान होतं, आणि मध्ये साधा रस्ता. त्या फुटपाथच्या कडेला उभ्या राहिल्या. दिवा हिरवा झाला, लाल झाला, परत हिरवा झाला. ताईंची पावलं जागची हलेनात. त्या घामाघूम होऊन परत आल्या.

"नकोच ना जाऊस," लेक म्हणाली. तिच्या आवाजात इतकी सुटका होती, की ताईंना स्वतःची लाज वाटली आणि तिची कीवही आली. पोरगी घाबरली होती. दोघींची भीती एकाच घरात राहायला आली होती आणि मजेत नांदत होती.

मग काकूंचा फोन आला.

"पाय टेकतो का नीट? आता खरी गाडी शिकायला ये. डॉक्टर काय म्हणतात?"

"हो म्हणालेत. पण काकू, मला साधा रस्ता ओलांडता येत नाही. गाडी कसली चालवतेय मी!"

"म्हणूनच ये. कडेला उभ्या माणसाला सगळ्या गाड्या अंगावर येताना दिसतात. आत बसलीस की कळेल, आत आपल्यासारखी माणसंच असतात. आणि त्यातली निम्मी घाबरलेली असतात."

लेकीशी वाद झाला. मोठा नाही, पण झाला. शेवटी ताई म्हणाल्या, "तुला सायकल शिकवली तेव्हा माझा जीव काय मुठीत नव्हता? तरी सोडला ना मी हात?" दुसऱ्या दिवशी लेकीनेच आपल्या गाडीने आईला काकूंच्या शाळेपाशी सोडलं, तोंड एवढंसं करून.

शाळा म्हणजे पेट्रोलपंपामागचं एक लहानसं ऑफिस, बाकडं आणि एक जुनी पांढरी गाडी. काकूंची कंबर अजून सावरत होती, त्यामुळे शेजारच्या सीटवर त्यांचा एक जुना विद्यार्थी बसायचा, पायाखाली जादा ब्रेक घेऊन. लग्नाच्या आदल्या आठवड्यात तो गाडी शिकायला आला होता, म्हणून सगळे त्याला जावई म्हणायचे. आता त्याच्या डोक्यावर टक्कल होतं, तरी तो जावईच होता. तो कधी बोलायचा नाही. काकू मागच्या सीटवर उशीत रुतून बसायच्या आणि तिथून शाळा चालवायच्या.

बाकड्यावर वाट बघताना ताईंना माणसं दिसायची. टॅक्सी चालवणारी एक बाई जाता जाता थांबून काकूंना संत्री देऊन गेली. एक वयस्कर गृहस्थ आले. बायकोला दवाखान्यात न्यायचं म्हणून ते म्हातारपणी गाडी शिकले होते. बायको आता नव्हती, पण ते अधूनमधून येऊन बसायचे. काकू प्रत्येकाला ओळखायच्या, आणि ओळख सांगायच्या ती अशी, "हा रिव्हर्स असा घेतो, जसं काही पाठीला डोळे आहेत." किंवा, "ही पावसात कधी घाई करत नाही." माणूस आत येताना थोडा वाकलेला असे आणि जाताना ताठ झालेला असे. हे कुठल्या औषधाने होतं, ते ताईंनी वॉर्डातच पाहिलं होतं.

आठवडाभर रिकाम्या मैदानात फेऱ्या झाल्यावर काकू म्हणाल्या, "आज रस्त्यावर."

ताईंनी किल्ली फिरवली आणि पायांनी आपलं काम केलं. क्लच, गिअर, हळू. दोन वळणं नीट गेली. तिसऱ्या वळणानंतर पुढे तोच चौक आला, जिथे टेम्पोने त्यांना उडवलं होतं. काकूंना ते ठाऊक होतं की नाही, हे ताईंना कधी कळलं नाही. कडेला एक बाई उभी होती, हातात पिशवी, आणि तिने कचरत पाऊल खाली टाकलं होतं. ताईंना तिचा चेहरा दिसण्याआधी ते पाऊल दिसलं. त्यांनी ब्रेक दाबला. जावयाच्या पायाला हलायची वेळच आली नाही.

गाडी थांबली आणि बंद पडली. ती बाई रस्ता ओलांडायला लागली. सावकाश, प्रत्येक पावलाला गाडीकडे बघत. मागून हॉर्न सुरू झाले, आधी एक, मग पाच-सहा.

"काकू, लोक हॉर्न वाजवतायत."

"वाजवू देत. हॉर्न त्यांचा, गाडी आपली. ती बाई पोचली का पलीकडे?"

"पोचतेय... पोचली."

"मग आता किल्ली फिरव."

गाडी सुरू झाली. चौक मागे पडला. बऱ्याच पुढे गेल्यावर ताईंच्या लक्षात आलं, की आपण रडतोय, आणि रडता रडता आरसाही बघतोय.

परीक्षेत त्या एकदा नापास झाल्या. रिव्हर्स घेताना खांबाला गाडी टेकली. काकू म्हणाल्या, "टेकली, ठोकली नाही. फरक आहे." दुसऱ्यांदा पास झाल्या. लेकीने आधी विश्वासच ठेवला नाही, मग बाजूला बसून एक फेरी मारली आणि अर्ध्या रस्त्यात तिची दाराच्या कडीवरची मूठ सैल झाली. ताईंनी जिन्याखालचं दुकान परत उघडलं. आता दुकानात चालत जाताना त्या तो चौक ओलांडायच्या. सवयीने नव्हे, अजून बघून बघूनच, पण ओलांडायच्या.

एक गोष्ट मात्र मनात टोचत होती. मशीनवर बसलं की एकेक माणूस आठवायचा. कापड बेतायला शिकवणारे ते पहिले मास्तर. ताईंनी कुणाचा तरी महागडा कोट चुकून आखूड कापला होता, तेव्हा मास्तरांनी "माझ्या हातून झालं" असं मालकाला सांगितलं होतं. ते गेले तेव्हा ताई फक्त त्यांच्या दारात उभ्या राहून आल्या होत्या. जिवंतपणी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आणि जुन्या घराशेजारच्या वहिनी! ताई दुकानात असायच्या तेव्हा लेक वहिनींच्या स्वयंपाकघरात वाढली. त्या आता मुलाकडे दुसऱ्या गावी राहायच्या. फोनवर तब्येतीची चौकशी व्हायची, त्यापलीकडे काही नाही. इतकी चांगली माणसं भेटली, आणि आपण सगळ्यांना काय म्हणालो? सांभाळून जा.

काकू आता पुढच्या सीटवर बसू शकत होत्या. एके दिवशी ताई त्यांना तपासणीला दवाखान्यात नेत होत्या, जावई सोबतीला मागे बसला होता. रस्ता सरळ होता. ताईंनी ठरवलं, आत्ताच.

"काकू, मला बोलायचंय."

"आधी गिअर बदल."

ताईंनी गिअर बदलला. "मी त्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. तशीच पडून राहिले असते. घरी येऊनही तशीच. लेकीने प्रेमाने सांभाळलं असतं आणि मी हळूहळू संपले असते. तुम्ही मला गाडी शिकवलीत, ते आहेच. पण तुम्ही माणसाकडे बघता ना, काकू, तसं माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं. माझ्यात काय आहे ते तुम्ही सांगितलंत, म्हणून मला दिसलं. तुमच्यासारखं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. एवढंच सांगायचं होतं. बरेच दिवस सांगायचं होतं."

साऱ्या जगाचं कौतुक करणाऱ्या काकूंना स्वतःचं कसं घ्यावं ते कळेना. त्यांनी पदर नीट केला, खिडकीची काच खाली घेतली, वर घेतली.

"पुढे सिग्नल आहे," त्या म्हणाल्या, "लक्ष ठेव."

मागून जावयाचा आवाज आला. ताईंनी तो पहिल्यांदाच ऐकला. "तिथे सिग्नल नाहीये, काकू."

"तू गप्प बस!" काकू म्हणाल्या आणि मोठ्याने नाक शिंकरलं.

दवाखान्याच्या दारात उतरल्यावर त्या लगेच आत गेल्या नाहीत. गाडीच्या छतावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "इतक्या लोकांना शिकवलं गं," त्या म्हणाल्या, "मिठाई आणतात, फळं आणतात. असं बसून कुणी सांगितलं नव्हतं. बरं वाटतं की हे! मला माहीतच नव्हतं कसं वाटतं ते." मग वळून काठी टेकत आत गेल्या.

पुढच्या रविवारी ताईंनी लेकीची गाडी मागितली.

"कुठे जायचंय?"

"वहिनींकडे. तूही चल."

"एवढ्या लांब? काही विशेष?"

"हो," ताई म्हणाल्या.

शहर मागे पडलं, शेतं लागली, ट्रक लागले. लेक आधी रस्त्याकडे बघत होती, मग आईकडे बघायला लागली. वहिनींच्या घराचा पत्ता दोनदा विचारावा लागला. दार वहिनींनीच उघडलं. त्या आता बारीक झाल्या होत्या, पण हसू तेच होतं. लेकीला बघून त्यांनी तिचे दोन्ही गाल धरले, जणू ती आत्ताच बालवाडीतून आली होती.

"काय गं, अशा न सांगता? सगळं बरं आहे ना?"

"बरं आहे. तुम्हाला काही सांगायचं होतं, म्हणून आले."

"मग फोन नाही का करायचा? एवढं काय झालं? आणि आलात कशा, गाडी कुणी चालवली?"

"आईने," लेक म्हणाली. आणि ते म्हणताना तिची मान जरा उंच झाली.

वहिनींनी पायात चपला सरकवल्या आणि तशाच बाहेर आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली. काचेतून आत डोकावल्या. ताईंच्या पायाकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं. "तू? त्या मोडक्या पायाने?"

"त्याच पायाने."

"बसू का मी?"

लेक आपणहून मागे जाऊन बसली. वहिनी पुढे बसल्या, पट्टा कसा लावायचा ते त्यांना समजेना, तो ताईंनी वाकून लावून दिला. "आता बोल, काय ते," वहिनी म्हणाल्या.

ताईंनी आरसा बघितला, गाडी रस्त्यावर घेतली आणि पोरीला पहिल्यांदा वहिनींच्या हातात दिलं त्या सकाळपासून सांगायला सुरुवात केली.